सतरा नंबरची शाळा

समितीवर एक तरी खराखुरा शिकवणारा माणूस असावा, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं, आणि तो कोणी निवडायचा यावरून तीन महिने भांडण झालं. शेवटी राज्यातल्या सगळ्या प्राथमिक शिक्षकांची नावं एका पिंपात घातली, एका आमदाराने डोळे मिटून कोपरापर्यंत हात बुडवला, आणि डोंगरावरच्या दोन खोल्यांच्या शाळेतल्या बाईंचं नाव वर आलं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या तिसरीला भागाकार शिकवत होत्या आणि त्याच खोलीतल्या चौथीला शांत बसायला शिकवत होत्या. दोन्हीकडे सारखंच यश येत होतं, म्हणजे काहीच नाही.

"तीस वर्षं मी लॉटरीचं तिकीट काढतोय," बाईंचा नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि बोलताना डोळ्यावरचं भिंग काढायचा नाही, त्यामुळे त्याचा एक डोळा कायम आश्चर्यात असल्यासारखा दिसायचा. "आणि लागली कोणाला, तर तुला. तीही समितीची. बदलून मिळते का बघ."

"अहो, थट्टा पुरे. तिथे पैशांच्या वाटणीचं सूत्र ठरणार आहे. नवीन."

"मग तू तर हवीसच. वाटणी तुझ्याइतकी कोणाला येते? लग्न झाल्यापासून पांघरूण तूच वाटतेस."

बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. काळजीने त्या गाडीचं वेळापत्रक तिसऱ्यांदा वाचत होत्या.

कारण असं होतं. जुन्या नियमाप्रमाणे राज्य दर मुलामागे थोडे पैसे द्यायचं आणि बाकीचे ज्या त्या गावाने आपल्या घरपट्टीतून उभे करायचे. ऐकायला सोपं आणि सरळ. आता ज्या गावात मोठाले बंगले, तिथली घरपट्टी मोठी, म्हणून तिथल्या शाळेत पोहायचा तलाव आणि तलावावर देखरेख करायला वेगळे सर. आणि ज्या गावात सगळी मिळून अठ्ठावीस घरं, त्यातली पाच कुलूपबंद, तिथल्या शाळेत खडू मोडून दोघींनी वापरायचा. दोघींनी म्हणजे बाईंनी आणि धाकट्या बाईंनी. धाकट्या बाई तीन वर्षांपूर्वी आल्या, पहिली-दुसरी त्यांनी अशी काही सांभाळली की मुलं सुट्टीच्या दिवशीही येऊन फाटकाला लोंबकळायची. पण त्यांच्या पगाराचे पैसे या वर्षाअखेर संपत होते. त्या गेल्या की शाळेत शिक्षक उरणार एक, आणि एकच शिक्षक उरलेली शाळा खालच्या गावातल्या शाळेत मिसळून टाकायची, असा आदेश होता. खालचं गाव नऊ किलोमीटरवर. पहिलीतल्या मुलाचे पाय बाईंच्या वितीएवढे. ते पाय रोज अठरा किलोमीटर चालणार नव्हते. ते घरी बसणार होते.

नवं सूत्र नीट झालं तर धाकट्या बाई राहणार होत्या. नाही झालं तर शाळा जाणार होती. एवढं साधं गणित घेऊन बाई राजधानीच्या गाडीत बसल्या.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष म्हणजे डॉक्टरसाहेब, दातांचे डॉक्टर, पण वीस वर्षं आमदारकीत. लोकांनी तोंड उघडलं की मान तिरकी करून आत बघायची त्यांची सवय गेली नव्हती. बंदराच्या शहरातून आलेले आमदार, त्यांना सगळे बंदरवाले म्हणायचे. बोलायचे असे, जसं समोरचा माणूस दुसऱ्या जहाजावर उभा आहे. गिरणीवाल्या ताई, तीन गिरण्या आणि एक मतदारसंघ चालवणाऱ्या. आणि कात्रीसाहेब, ज्यांच्यासमोर कोणताही कागद ठेवला की ते पहिला प्रश्न विचारत, "यातलं काय कापता येईल?" त्यांनी एकदा स्वतःच्या सत्काराचं भाषण अर्ध्यावर कापलं होतं म्हणे. पाचव्या बाई.

सूत्र कागदावर छान दिसून उपयोग नाही, ते खऱ्या शाळांवर लावून बघायचं, म्हणून नमुन्याला तीस शाळा घेतल्या होत्या. समितीतला प्रत्येक आमदार लहानपणी ज्या शाळेत शिकला ती शाळा त्यात होती, बाईंची होती, आणि बाकीच्या पंचवीस राज्यभरातून उचललेल्या.

पहिल्या दिवशी बंदरवाले आपल्या शाळेबद्दल एक तास बोलले. गिरणीवाल्या ताई सव्वा तास बोलल्या आणि एकदा रुमालाने डोळे टिपले. कात्रीसाहेब म्हणाले, माझ्या शाळेसाठी मला काहीही नको, आणि हे सांगायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. डॉक्टरसाहेबांनी अध्यक्ष असल्यामुळे स्वतःला कोणीच थांबवू शकत नाही याचा पुरेपूर लाभ घेतला. मग बाईंनी घसा साफ केला.

"आमची शाळा डोंगरावर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरसाहेबांनी घंटी वाजवली.

"बाई, तुम्ही त्या शाळेत नोकरीला आहात. स्वतःच्या शाळेबद्दल बोललात तर तो हितसंबंध. नियम नऊ. तुमचं मत जाईल."

"आणि हे सगळे बोलले ते?"

"ते लोकप्रतिनिधी आहेत. ते तळमळीने बोलले."

बाईंनी तीस वर्षांत अशी बरीच मुलं पाहिली होती, जी स्वतःची चूक दुसऱ्याच्या वहीत शोधतात. त्यांच्यावर रागवून उपयोग नसतो. त्यांना नवीन खेळ द्यावा लागतो.

"डॉक्टरसाहेब, असं करूया का? यादीतली नावंच काढून टाकू. गाव नाही, पत्ता नाही. फक्त नंबर, आणि पुढे रकाने. मुलं किती, खोल्या किती, छप्पर किती ठिकाणी गळतं, नळ किती, शेवटच्या घरापासून अंतर किती, दुसरी शाळा किती लांब. मग कोणाची कोणती तेच कळणार नाही. म्हणजे तळमळ सगळ्यांना सारखी पुरेल."

खरं सांगायचं तर ही सूचना कोणालाच आवडली नव्हती. पण प्रत्येकाला उरलेल्या तिघांची भाषणं पुन्हा ऐकायची नव्हती, आणि ती भीती मोठी होती. सूचना मंजूर झाली. नियम नऊ आता सगळ्यांना लागू झाला: ज्याला आपली शाळा कोणती ते माहीत आहे आणि तरी जो बोलेल, त्याचं मत जाईल.

यादी तयार करायचं काम आकडेभाऊंकडे गेलं. आकडेभाऊ म्हणजे सांख्यिकी विभागातले जुने कारकून. पंचवीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कोणताही आकडा कळला नव्हता. त्यांनी नावं काढली, शाळा उलटसुलट केल्या, एक ते तीस नंबर दिले, आणि खऱ्या नावांचा कागद लोखंडी कपाटात घालून किल्ली गळ्यात बांधली.

बाईंनी यादी हातात घेतली. कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी नजर खाली सरकवली. सतरा नंबर. मुलं एक्केचाळीस.

एक्केचाळीस. रोज सकाळी हजेरी घेताना बाई ज्या आकड्यावर येऊन थांबायच्या तो आकडा. त्यांनी यादी उलटी ठेवली आणि पेल्यातलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

पुढचा आठवडा म्हणजे नुसती धमाल होती, फक्त ती कोणी कबूल करत नव्हतं.

बंदरवाले मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभे राहून फोनवर कुजबुजत होते. त्यांची कुजबूज तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होती. "गुरुजी, मी बोलतोय. तुमच्या शाळेला नळ किती? काय? पाच? पाणी कितींना येतं? एकाला? मग पाच कशाला सांगता, गुरुजी, मला आकडा हवाय, सजावट नकोय."

गिरणीवाल्या ताई सोमवारी लंगडत आल्या. कोणी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं की बूट नवे आहेत. मंगळवारी पायाला पट्ट्या लावून आल्या. बुधवारी मात्र राहवेना. "बाई, मला एक सांगा," त्या बाईंच्या कानाशी म्हणाल्या, "सहा वर्षांचं मूल सव्वातीन किलोमीटर चालून येतं, तर मग ते शिकतं कधी? मी तर पोचल्यावर अर्धा तास भिंतीला टेकून बसले होते."

"शिकतं हो, ताई. पण पहिला तास त्याला फक्त बसू द्यायचं असतं."

"हे कुठल्याच रकान्यात नाही."

"नाही ना."

डॉक्टरसाहेब एका दुपारी गायब झाले आणि डोक्यावर जळमटं घेऊन परतले. शाळेच्या माळ्यावर चढून छपराची भोकं मोजणारा अध्यक्ष त्या राज्याने आधी पाहिला नसावा. "पोकळी बाहेरून लहान दिसते," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "आत बघावं तेव्हा कळतं." आणि कात्रीसाहेब, ज्यांना स्वतःसाठी काहीही नको होतं, त्यांच्या कोटाच्या खिशातून शिंप्याची मोजपट्टी लोंबत होती.

चाळीस-चाळीस वर्षांत ज्या शाळांकडे या मंडळींनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या शाळांच्या खिडक्या आता त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. बाई हे सगळं बघत होत्या आणि हसू आवरायला पुन्हा पुन्हा पाणी पीत होत्या. इतकं पाणी की कार्यालयाच्या शिपाईमामांनी त्यांच्यापुढे अख्खा जग आणून ठेवला.

गुरुवारी सूत्राचे भाग ठरवायचे होते, म्हणजे कशाला किती वजन द्यायचं ते. बाईंना वाटलं, आता जुंपणार. पण झालं उलटंच.

"नळ," बंदरवाले म्हणाले. "पाणी येणारा नळ. उदाहरणार्थ, सहज म्हणून, सतरा नंबर घ्या. नळ एक. ही काय माणुसकी झाली?"

"अंतराला जास्त वजन हवं," गिरणीवाल्या ताई म्हणाल्या. "सहज नजर गेली म्हणून सांगते, सतरा नंबर. सव्वातीन किलोमीटर."

"छप्पर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "तीन ठिकाणी गळतं. कुठे? सतराला. योगायोगच म्हणायचा."

कात्रीसाहेबांनी चष्मा पुसला. "दोन खोल्यांत चार वर्ग हे बरोबर नाही. खोल्यांसाठी वेगळे पैसे हवेत. म्हणजे, सतरा नंबरसारख्या ठिकाणी."

खोलीतल्या सगळ्यांनी कात्रीसाहेबांकडे बघितलं. त्यांच्या तोंडून 'वेगळे पैसे हवेत' हे शब्द यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. त्यांनीही नसावेत, कारण ते स्वतःच थोडे दचकले.

बाईंना आनंदाने चक्कर यायची बाकी होती. त्यांची शाळा, नाव न घेता, बोट न दाखवता, चार आमदार खांद्यावर घेऊन नाचवत होते. नळ लागला, अंतर लागलं, छप्पर लागलं, खोल्या लागल्या. घरपट्टीवरची मदार गेली. जिथे गरज जास्त तिथे राज्य जास्त देणार, असं सूत्र दुपारी चारपर्यंत फळ्यावर उभं राहिलं.

"पण हे सगळं द्यायचं तर कुठेतरी कापावं लागेल," कात्रीसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं, कारण आता ते ओळखीचे वाटायला लागले होते. "फार लहान शाळांना मिसळून टाकू. मर्यादा ठेवू. चाळीस मुलं. चाळीसच्या खाली असेल ती शाळा बंद."

बाईंचं मन क्षणात सतरा नंबरकडे धावलं. एक्केचाळीस. एका मुलाने सुटलो. त्यांनी हात वर केला. आजूबाजूला पाहिलं तर पाचही हात वर होते, आणि इतक्या झटकन गेले होते की डॉक्टरसाहेबांना मोजायची गरजच पडली नाही. शेवटचं मतदान शुक्रवारी दुपारी बाराला ठरलं.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी आकडेभाऊ बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, बरोबर तीनपर्यंत मोजलं आणि बाहेर काढलं.

"यादी चांगली केलीत, भाऊ," बाई म्हणाल्या. "हजेरीपर्यंत सगळं बरोबर आहे हो."

"हजेरी नाही, बाई. पटसंख्या. वर्षाच्या पहिल्या दिवशीची. सगळ्या शाळांची एकाच दिवशीची घेतो आम्ही, नाहीतर तुलना होत नाही."

बाईंनी कप खाली ठेवला.

वर्षाच्या पहिल्या दिवशी. तेव्हा खाणीवर कामाला आलेल्या कुटुंबातली ती तिघं भावंडं आलीच नव्हती. ती दोन महिन्यांनी आली, एकाच छत्रीखाली, धाकट्याला मध्ये घेऊन. तेव्हापासून एक्केचाळीस. त्याआधी अडतीस.

त्यांनी पर्समधून यादी काढली. बोट खाली सरकवलं. एकोणतीस नंबर. मुलं अडतीस, खोल्या दोन, नळ दोन, छप्पर दोन ठिकाणी, दुसरी शाळा नऊ किलोमीटर. अगदी त्यांचीच. सतराचा नळ एक आणि गळती तीन हे काल ऐकूनही आनंदाच्या भरात त्यांना खटकलं नव्हतं. सतरा नंबर ही जगात कुठेतरी दुसरीच कोणती तरी शाळा होती, आणि तिच्यासाठी बाई आठवडाभर मनातल्या मनात उड्या मारत होत्या.

आणि एकोणतीस नंबर बंद करायला त्यांनीच हात वर केला होता.

त्या बाकावर बसल्या. समोर दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही बंद होत्या. गप्प बसावं, तर शाळा जाणार. बोलावं, तर नियम नऊ, मत जाणार. पण त्याहून त्यांना दुसरंच काहीतरी टोचत होतं. यादीत चाळीसच्या खालच्या शाळा सहा होत्या. हात वर करताना त्यांनी त्या सहांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाने असं केलं असतं, स्वतःला खाऊ मिळाला ना म्हणून खाली मान घालून खात बसला असता, तर बाईंनी त्याला रागावलं नसतं, पण जवळ बसवून विचारलं असतं, बाळा, शेजाऱ्याकडे बघितलंस का? आता त्यांना जवळ बसवणारं कोणी नव्हतं. ते स्वतःच करावं लागणार होतं.

बाराला पाच कमी असताना त्या उभ्या राहिल्या.

"मला एक कबूल करायचंय. मी लबाडी केली. नावं काढायची ही युक्ती माझीच, आणि पहिल्या मिनिटाला मीच माझी शाळा शोधली. सतरा नंबर माझी, असं मला वाटत होतं. म्हणून चाळीसच्या मर्यादेला मी हात वर केला. आज कळलं की ती माझी नाहीच. माझी त्या सहांत आहे ज्या आपण काल बंद केल्या. माझं मत जातंय ते जाऊ दे. पण ती मर्यादा चुकीच्या कारणासाठी लागली, एवढं ऐकून घ्या."

डॉक्टरसाहेबांनी मान तिरकी केली. "बाई, एक मिनिट. सतरा नंबर तुमची कशी असेल?"

"नाहीये, म्हणूनच तर..."

"नाही, तुम्हाला तशी वाटली कशी? ती तर माझी आहे. छप्पर तीन ठिकाणी. मी स्वतः वर चढलो होतो."

"काय बोलता?" बंदरवाल्यांनी टेबलावर हात मारला. "सतरा माझी. एकच नळ चालू. गुरुजींनी फोनवर शपथेवर सांगितलं."

"अहो, कशाचा नळ," गिरणीवाल्या ताई म्हणाल्या. "सव्वातीन किलोमीटर. माझ्या टाचांना विचारा."

मग सगळे एकदम कात्रीसाहेबांकडे वळले. कात्रीसाहेबांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि शांतपणे टेबलावर ठेवली. "दोन खोल्या. अठरा बाय वीस. चाळीसची मर्यादा मी उगाच नाही काढली. सतरा एक्केचाळीसची होती."

प्रत्येकाने आपल्या शाळेची एकच गोष्ट शोधून काढली होती आणि तेवढ्या एका रकान्यावरून सतरा नंबरला मिठी मारली होती. बाकीचे रकाने कोणी तपासलेच नव्हते. बाईंना हसू यायला लागलं. त्यांनी ते दाबलं, तर ते नाकातून बाहेर आलं. ते बघून गिरणीवाल्या ताई फुटल्या. बंदरवाले हसले तेव्हा खिडकीची काच थरथरली. फक्त डॉक्टरसाहेब हसत नव्हते. ते नियमांचं पुस्तक चाळत होते.

"म्हणजे नियम नऊप्रमाणे पाचही जण बाद," ते म्हणाले. "मत द्यायला कोणीच पात्र नाही. आकडेभाऊ, अशा वेळी काय होतं?"

"समिती बरखास्त होते, साहेब. जुनाच नियम चालू राहतो."

हसू जागच्या जागी विरलं. जुना नियम म्हणजे घरपट्टी. जुना नियम म्हणजे धाकट्या बाई या वर्षाअखेर सामान बांधणार. बाईंना वाटलं, खरं बोलून आपण सहा नाही, शेकड्यांनी शाळा बुडवल्या.

आकडेभाऊ खाकरले. ते आपणहून कधी बोलत नसत, त्यामुळे सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, एक शंका. हितसंबंध स्वतःच्या शाळेत असावा लागतो ना?"

"हो."

"सतरा नंबर तुम्हा पाचांपैकी कोणाचीच नाही."

सगळे यादीतली सतरावी ओळ पुन्हा वाचायला लागले. बंदरवालेसुद्धा.

डॉक्टरसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जे दाताच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर क्वचित दिसतं. "म्हणजे आठवडाभर आपण पाच जण एका परक्या शाळेसाठी भांडत होतो. फायदा नसताना. ओळख नसताना." ते थांबले. "अहो, मग आपली नेमणूक दुसरी कशासाठी होती? याला हितसंबंध म्हणत नाहीत. याला काम म्हणतात. चौघं पात्र. बाईंना आता आपली शाळा माहीत झाली आहे, त्या तेवढ्या बाद."

"थांबा, थांबा," कात्रीसाहेब यादीवर वाकले होते. त्यांचं बोट भराभर फिरत होतं. "सतरा माझी नाही, तर माझी कोणती? दोन खोल्या... चारला दोन खोल्या, अकराला दोन, तेवीसला दोन. आकडेभाऊ, या सहा बंद होणाऱ्या शाळांत माझी आहे का?"

"असू शकते, साहेब."

"आहे का?"

"ते मला सांगता येत नाही."

"नाहीये का मग?"

"तेही सांगता येत नाही."

बाकीच्या तिघांनीही आता याद्या ओढून घेतल्या होत्या. एक नळवाल्या शाळा निघाल्या आठ. तीन गळतीवाल्या सात. गिरणीवाल्या ताई सव्वातीन किलोमीटर शोधता शोधता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "एकाला तर चार आहे. चार किलोमीटर. कोणाची आहे ही?" कोणाला माहीत नव्हतं. "कोणाची का असेना," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

कात्रीसाहेब ताठ बसले. "मर्यादा काढून टाकावी, असा माझा प्रस्ताव आहे. मुलांच्या संख्येवरून शाळा बंद करायची नाही. दुसरी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर मुलं पाच असोत की पन्नास, शाळा राहील."

"कात्रीसाहेब," डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःचाच प्रस्ताव कापताय."

"कापण्याजोगा आहे."

"बाई, तुम्ही बाहेर बसा. नियम आहे."

बाई बाहेर आल्या. दाराला दुधी काच होती. पलीकडे नुसत्या सावल्या हलत होत्या. शेजारच्या स्टुलावर शिपाईमामा बसले होते. त्यांनी सवयीने पाण्याचा जग पुढे केला. बाईंनी मान हलवली.

"मामा, काही कळतंय का आत?"

"कळतंय की. अठरा वर्षं या काचेसमोर बसतोय." मामांनी डोळे बारीक केले. "हा पहिला हात. एवढा वर कोण करतो? बंदरवाले. हा दुसरा, बांगड्या वाजल्या ना, ताई. तिसरा डॉक्टरसाहेब."

"आणि चौथा?"

काचेपलीकडे एक उंच, बारीक सावली निश्चल बसली होती. मनातल्या मनात बाईंनी पाढे म्हणायला सुरुवात केली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा सात सक्कं किती ते त्यांना आठवेना.

सावलीने खिशातून काहीतरी काढलं, डोळ्यांवर चढवलं, कागद पुन्हा एकदा वाचला. मग हात वर गेला.

"चार," मामा म्हणाले. "झालं काम." आणि मग ते पुढे वाकले. "अरेच्चा. पाचवा पण आहे."

"पाचवा कोणाचा? मी तर इथे आहे."

"आकडेभाऊंचा. त्यांना मत नाही, पण हात आहे."

आतून घंटी वाजली आणि डॉक्टरसाहेबांचा आवाज आला, "आकडेभाऊ, हात खाली." पण घंटी जरा जास्तच वेळ वाजत राहिली, आणि तिच्या खाली बंदरवाल्यांचं हसू ऐकू येत होतं.

बाईंनी मामांचा हात धरून तो जोरजोरात हलवला, मग त्यांच्या हातातला जग घेऊन तोंडाला लावला, अर्धं पाणी पदरावर सांडलं, आणि फोन लावला. पलीकडे वर्गाचा गलका होता. कोणीतरी कोणाचं तरी रबर खाल्लं होतं.

"धाकट्या बाई, सामान बांधू नका."

"काय? जरा मोठ्याने बोला, इथे दोघं रडतायत."

"तुम्ही राहताय. शाळा राहतेय. छप्पर दुरुस्त होणार."

गलका तसाच चालू होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "मोठ्या बाई, आता तिघं रडतायत," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत कधी येताय? तुमच्या तिसरीने मला सकाळपासून वेड लावलंय."

"रात्रीच्या गाडीने. तोवर त्यांना भागाकाराला बसवा."

"त्यांना येत नाही अजून."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "इथल्यांनाही यायला आठ दिवस लागले."